सलाईन संपलं तेव्हा

काल कट्ट्यावर वाद पेटला तो ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीवरून. जगाचे प्रश्न एकट्याच्या डोक्यानं सुटतात की मोठ्या संस्थांच्या ताकदीनं?

मास्तर एकट्याच्या बाजूनं. "साल 1971. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आलेले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावण्यांत कॉलरा. इस्पितळात माणसं जमिनीवर पडलेली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉक्टर दिलीप महालनबीसांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली. नातेवाइकांना सांगितलं, तुम्हीच पाजत राहा. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्याही खाली आले. कुठल्या कमिटीनं हे धाडस केलं असतं?"

नाना जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "ग्लुकोज असलं की आतडं मीठ-पाणी शोषतं, हे प्रयोगशाळेत आधीच कळलेलं. 1968 मध्ये ढाक्याला रुग्णांवर तपासूनही झालेलं. महालनबीस स्वतः जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्राचे."

"कळलं होतं, तर वापरलं का नाही?" मास्तर उसळले. "कारण डॉक्टरांचा भरवसा सुईवर! अडाणी माणसाच्या हाती कॉलऱ्याचा उपचार द्यायची त्यांची तयारी नव्हती."

इथं मी पूर्णपणे मास्तरांच्या बाजूचा. मिश्रण नवं नव्हतं. ते आईच्या हाती सोपवणं नवं होतं, आणि तो निर्णय पिंपाशेजारी उभ्या असलेल्या माणसालाच घेता आला.

पण नानांनी पुढं जे सांगितलं, त्याला मास्तरांकडं उत्तर नव्हतं. 1980 पासून दहा वर्षं बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी, एवढंच एकेका आईला स्वतःच्या हातानं करायला लावलं. एक कोटीहून जास्त घरं! शिकवणारीचा पगार कशावर? काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आयांना विचारायचा. जितकं नीट लक्षात राहिलं असेल, तितके पैसे. मला हे महालनबीसांच्या पिंपाइतकंच बुद्धीचं काम वाटतं. संस्था म्हणजे नुसत्या फायली, हे मास्तरांचं मत तिथं टिकत नाही.

मेडिकलवाला इतका वेळ गप्प होता. "आणि माझ्या दुकानातलं काय? ओआरएस नावाखाली साखरेची सरबतं खपत होती. 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं त्यासाठी झगडत होत्या."

"बघा, एकटी बाई!" मास्तर म्हणाले.

"आणि हुकूम कुणाचा?" नाना म्हणाले.

मला राग आला तो मधल्या वर्षांचा. जुलाबानं सुकलेल्या लेकराला जास्त साखरेचं पाणी पाजलं तर जुलाब वाढू शकतात. प्राधिकरणाला हे माहीत नव्हतं, असं कुणीच म्हणणार नाही.