देवळालीचा ताप

१९२८ पासून देशाच्या नोटा छापणाऱ्या नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये मी बत्तीस वर्षे नोकरी केली. एवढा काळ कोऱ्या करकरीत नोटांच्या सहवासात काढलेला माणूस पैशाच्या बाबतीत विरक्त होत असावा, अशी आमच्या आळीची समजूत आहे. ती खरी नव्हे. पण निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून मी लष्कराने मोडीत काढलेला एक जुना ट्रक विकत घेतला, तेव्हा या समजुतीला आपोआपच बळकटी आली.

सैन्यात ज्याला ‘निसान वन टन’ म्हणत, तो हा ट्रक. जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार झालेला, चारही चाकांना जोर असलेला, आणि सहा सिलिंडरांचे जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन बाळगणारा. खरे तर माझा डोळा याच निर्माणीतल्या ‘शक्तिमान’वर होता. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने तो तयार होई आणि आपल्या नावात त्या कंपनीचे नावही वागवी. पण शक्तिमान आत घ्यायचा तर आमचे घर बाहेर काढावे लागले असते. निसानच्या वेळी नुसत्या कुंपणाच्या भिंतीवर भागले. लिलावात ज्या व्यापाऱ्याने तो उचलला होता, त्याने ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर तो मला दिला. त्यातले ‘जेथे आहे’ लवकरच बदलले. ‘जसे आहे’ मात्र पुढची अडीच वर्षे टिकले.

माझ्या लहानपणी देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्यावर तोफखान्याच्या गाड्यांची रांग लागे आणि आम्ही पोरे कडेला उभी राहून प्रत्येक गाडीला सलाम ठोकत असू. त्यातल्या एका तरी गाडीत आपण बसावे, ही इच्छा पन्नास वर्षे मनात दबून राहिली होती. पुण्याच्या लेकीला हे फोनवर सांगितले, तेव्हा तिने माझे निदान केले. ब्रिटिश अमदानीत मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना जहाज मिळेपर्यंत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहावे लागे. त्या रिकामपणात काहींची डोकी फिरत आणि त्यावरूनच इंग्रजीत ‘डुलाली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. डुलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपलाच ताप. “बाबा, तुम्हाला तो झालाय,” असे म्हणून तिने फोन आईकडे द्यायला सांगितला.

कामाला मिळालेले चाचा जुन्या पेट्रोल गाड्यांचे जाणकार होते, परंतु त्यांनी पहिल्याच दिवशी डिझेल इंजिन टाकण्याचा सल्ला दिला. हा ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो, हे त्यांनी मला अशा हळव्या आवाजात सांगितले, जणू घरातल्या कुणाचा वैद्यकीय अहवाल वाचून दाखवीत आहेत. पण इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी, नोंदणी पुस्तकात दुरुस्ती आणि तिथल्या रांगा, हे सारे ओघाने आले. म्हणून मी मूळ इंजिनच कायम ठेवले. त्यानंतर प्रत्येक सुट्या भागाची किंमत सांगताना चाचा “आप तो प्रेसवाले हो” असे पुढे जोडू लागले. प्रेसमधून बाहेर पडताना आमची झडती होत असे, हे मी त्यांना अनेकदा सांगितले. त्यांना ते पटले असे वाटत नाही.

सुधारणा म्हणून मी एकच हट्ट धरला होता, तो पॉवर स्टिअरिंगचा. मूळचे स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवायचे म्हणजे विहिरीचा रहाट ओढण्यातला प्रकार होता. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पंप आणि बॉक्स मिळवला, लेथवाल्याकडून त्याच्या पट्ट्या करून घेतल्या, आणि सगळे जोडून झाल्यावर चाक एका बोटाने फिरू लागले. डावीकडे फिरवले की ट्रक उजवीकडे वळे, एवढेच. आणलेला बॉक्स उलट्या बाजूने काम करणारा होता. चाचा म्हणाले, आठवड्यात सवय होईल. मी बॉक्स बदलला.

या सगळ्या उद्योगात घरातील शांततेला खरा धक्का बसला तो ब्रेकमधली हवा काढताना. यासाठी दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल तीनदा दाबायचे आणि चौथ्यांदा दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकाखाली आडवे होऊन निपल सैल करायचे, नळीतून बाटलीत बुडबुडे येऊ द्यायचे आणि निपल पुन्हा आवळायचे. पेडल त्यानंतरच सोडायचे असते, कारण आधी सोडले तर काढलेली हवा निमूटपणे परत आत जाते. चाचा त्या दिवशी आले नव्हते, म्हणून मी सौ.ना आत बसवले. मागच्या चाकाखालून मी “दाबा” म्हणालो की त्या “काय?” म्हणत, आणि “काय?” म्हणण्यासाठी खिडकीतून वाकताना त्यांचा पाय पेडलवरून उठे. मग मी “सोडू नका!” असे ओरडे आणि त्यातले ‘सोडू’ तेवढे त्यांच्यापर्यंत पोहोचे. तासाभराने शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. त्यांना फक्त माझे पाय दिसत होते आणि “सोडा!”, “नका सोडू!”, “एकदाचे सोडून द्या ना!” असे संवाद ऐकू येत होते. “संसारात होतं असं,” एवढे बोलून ते आत निघून गेले.

जुना रंग खरवडताना पुढच्या बंपरवर वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे ७८ हा आकडा उमटला. लष्करी क्रमांकात बाणानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. त्या बाणावरून मी बराच वेळ बोट फिरवीत बसलो होतो. नवा रंगही अर्थात तसाच हिरवा द्यायचा, असे ठरवून दुकानात गेलो, तर रंगवाल्यानेच मला अडवले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला देता येत नाही. ज्या रंगासाठी पोरवयात सलाम ठोकले, तो सोडून मला उरलेले सगळे रंग मोकळे होते. शेवटी वाळवंटी मातकट म्हणून जो निवडला, तो उन्हात चक्क पिवळा दिसू लागला. पहिल्यांदा ट्रक गल्लीत काढला, तेव्हा कोपऱ्यावरच्या वहिनी ओला आणि सुका अशा दोन बादल्या घेऊन धावत आल्या आणि आज घंटागाडीला घंटा का नाही, असे मला विचारू लागल्या.

त्याच फेरीत आम्ही देवळाली कॅम्पपर्यंत गेलो. सौ. शेजारी बसल्या होत्या, त्या केवळ मला एकट्याला जाऊ द्यायचे नाही म्हणून. एप्रिलचे ऊन होते. कॅम्प जवळ आला आणि इंजिन दोनदा ठसकून बंद पडले. पंप इतका तापला होता की त्यातल्या पेट्रोलची वाफ झाली होती, आणि वाफ पुढे ढकलणे काही त्या पंपाला जमत नाही. चाचांना फोन लावला. “ओला कपडा बांधा पंपाला, थंड होईल,” ते म्हणाले.

सौ.नी पर्समधून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवून पिळला, त्याची नीट चौपदरी घडी केली आणि वाकून पंपावर ठेवली. लेकीला लहानपणी ताप आला की कपाळावर ठेवत, अगदी तशीच. चर्र आवाज झाला. घडी गरम झाली की त्या उलटवत, पुन्हा भिजवत, पुन्हा ठेवत. रस्त्याने जाणारे दोन जवान सायकली थांबवून पाहत राहिले. मी बाजूला बाटली धरून उभा होतो आणि अडीच वर्षांत प्रथमच मला कोणी काही बोलत नव्हते.

चौथ्या घडीनंतर इंजिन लागले. सौ. हात पुशीत आत येऊन बसल्या आणि समोर पाहतच म्हणाल्या, “पुढच्या वेळी जाड पंचा घ्या बरोबर. रुमाल पुरत नाही.”