तणनाशक मिठापेक्षा सौम्य? हा मेसेज पुढे ढकलू नका

भांगलणीला बाया मिळेनात, त्यामुळं करवीरपासून शिरोळपर्यंत उसात तणनाशकाचे पंप फिरतात. त्यातच हल्ली गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय: तणनाशक फक्त झाडाला मारतं, ते मिठापेक्षा कमी विषारी आहे, कॅन्सरची भीती खोटी आहे.

‘फक्त झाडाला’ हे ग्लायफोसेट या तणनाशकापुरतं अर्धं खरं. ते जे एन्झाइम अडवतं, ते माणसाच्या पेशींत नसतं. पण आपल्या आतड्यातल्या बऱ्याच जिवाणूंत असतं.

मिठाची तुलना उंदरांना दिलेल्या शुद्ध ग्लायफोसेटची. दुकानातल्या कॅनमध्ये औषध पानात शिरावं म्हणून साबणासारखा पदार्थही घातलेला असतो. तो पोटात गेला तर आतून भाजतं, रक्तदाब कोसळतो. मिठाइतकं साधं असतं, तर फवारणी फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच करावी अशी अधिसूचना केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली असती का?

आणि तणनाशक म्हणजे एकच औषध नव्हे. पॅराक्वाटही त्याच फळीवर असतं. त्याचा एक घोट जीव घेतो, त्यावर उतारा नाही. तोंड-घसा सोलतो, तरी पहिल्या दिवशी माणूस बोलतो, चालतो. घरच्यांना वाटतं, वाचला. मग किडन्या बसतात, फुप्फुस आवळत जातं. दम लागला की ऑक्सिजन लावायचा हे आपल्याला माहीत, पण इथं तोच फुप्फुसाची हानी वाढवतो, म्हणून डॉक्टरांना तो हात राखून द्यावा लागतो. कुठलं औषध पोटात गेलं हे त्यांना लगेच कळायला हवं. दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्याच. स्वित्झर्लंडनं हे औषध १९८९ मध्येच बंद केलं, युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते पटलेलं नाही. म्हणजे वाद चालू आहे, आणि चालू वादाला खोटं म्हणता येत नाही. शिवाय भाजीवरचा अंश वेगळा आणि पाठीवरचा पंप वेगळा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चुलत्यांच्या पंपाचं वायसर गेलं होतं. बनियन भिजून पाठीला चिकटलेला, कंबरेला लाल चट्टे, तरी काका सरी संपवूनच थांबले. “काय होत नाही रं,” म्हणाले. उरलेलं औषध सोप्यातल्या खिडकीत, सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेलं होतं. नातवंडांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.