डिस्ट्रिब्युटरच्या गळतीवर सिलिकॉन फासू नका

डिस्ट्रिब्युटर म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग. त्याच्या ऑइलगळतीबद्दल जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. गेल्या पंधरवड्यात तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या मामांकडून. मजकूर थोडक्यात असा:

"डिस्ट्रिब्युटरमधून ऑइल गळतंय? गॅरेजला हजारो रुपये देऊ नका. (१) जुनी गाडी म्हटली की थोडं ऑइल गळणारच, लेव्हल बघत राहा. (२) २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल टाका, गळती थांबते. (३) नाही थांबली तर जोडावर बाहेरून सिलिकॉन किंवा एम-सील लावा. (४) कॅपमध्ये ऑइल दिसलं तर पेट्रोलने धुऊन पुसा. (५) तरीही आत ऑइल येत असेल तर डिस्ट्रिब्युटर गेला समजा, नवीन घ्या. (६) काढण्याआधी खूण करा आणि त्याच खुणेवर बसवा, टायमिंग बघायची गरज नाही."

यातला सहावा मुद्दा अर्धा बरोबर आहे. बाकीचे गाडीचं किंवा खिशाचं नुकसान करणारे आहेत, आणि चौथा तर माणसाला इजा करू शकतो. माझ्याकडे १९९९ सालची पेट्रोल गाडी आहे. कोथरूडला सोसायटीत उभी असते, रोज चालते. तिच्या डिस्ट्रिब्युटरची गळती मी स्वतः दोनदा काढली आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी गळती येते कुठून ते बघू. मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली झेन, सुरुवातीची एस्टीम, १९९८ साली आलेली पहिली होंडा सिटी या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) टोकाला बसतो आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याला फिरवतो. त्याचं एक टोक ऑइलात असतं आणि दुसऱ्या टोकाला हजारो व्होल्टचा करंट वाटला जातो. मध्ये ऑइल अडवायला रबराच्या दोनच वस्तू. एक, बॉडी जिथे हेडमध्ये शिरते तिथल्या खाचेतली ओ-रिंग. दोन, बॉडीच्या आत, फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसलेलं ऑइल सील. ओ-रिंग गेली तर ऑइल बाहेरून ओघळतं, कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) आतून कोरडी राहते. शाफ्टचं सील गेलं तर ऑइल कॅपमध्ये येतं. दुखणी वेगळी, उपायही वेगळे. संदेशात हा फरक कुठेच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आता "थोडं गळणारच" या पहिल्या मुद्द्याकडे. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ऐकायला तो समजूतदारपणाचा वाटतो.

या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. ओ-रिंगमधून झिरपलेलं ऑइल हेडच्या मागच्या अंगाने खाली उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर, बेल हाउसिंगवर जमतं. तिथून थेंब थेंब खाली. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलंय. ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. माझ्या बाबतीत हेच झालं. शहरातल्या एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवला, मागचं सील बदललं, क्लचप्लेटही "हात लागलाच आहे तर" म्हणून बदलली. आठवड्याभरात पार्किंगमध्ये त्याच जागी तोच डाग. वरून टॉर्च मारून कोणी बघितलंच नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरखाली बोट फिरवून काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "साहेब, ऑइल वरून खाली येतं. खालून वर शोधू नका."

म्हणून थोडी गळती असतानाच शोध घ्यावा. सगळं ऑइलाने माखलं की उगम सापडत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या वरच टॅपेट कव्हरची, म्हणजे हेडवरच्या झाकणाची, कड असते. तिथलं पॅकिंग गेलं तरी ऑइल याच वाटेने उतरतं आणि दोष डिस्ट्रिब्युटरवर येतो. खात्री करायची पद्धत साधी आहे. इंजिन थंड असताना तो सगळा भाग डिग्रीझरने स्वच्छ करा, पूर्ण सुकू द्या, वर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरवा. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून या आणि टॉर्च घेऊन बघा. पावडरवर पहिला ओला पट्टा जिथे उमटेल तिथेच दुखणं. बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, बघताना इंजिन बंद असू द्या.

गळणारं ऑइल आणखी काय काय करतं? स्टार्टरवर पडतं, इंजिन माउंटिंगचं रबर फुगवतं, वायरिंगचं आवरण मऊ करतं. काही गाड्यांत ते एक्झॉस्टवर पडून धूर येतो, आणि तिथे आगीचा धोकाही असतो. आणि रस्त्यावर पडतं ते वेगळंच. पुणं दुचाकीवाल्यांचं शहर आहे. जूनच्या पहिल्या पावसात चौकाचौकात ऑइल वर तरंगतं आणि सिग्नलला ब्रेक मारणारी पोरं-पोरी घसरतात. तो थेंब आपल्या गाडीचा नसावा एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

जाड ऑइलाचं बोलू. २०डब्ल्यू-५० मधला ५० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो: १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक. ३० ग्रेडच्या ऑइलाचा तोच पल्ला ९.३ ते १२.५ असतो. फरक आहे, पण चिरलेल्या रिंगमधून वाट काढायला तापलेलं कुठलंही ऑइल पुरेसं पातळ असतं. गळतीचा वेग कमी होईल, गळती थांबणार नाही. उलट सकाळी थंड इंजिन चालू केलं की पंपापासून सगळ्यात लांब असलेल्या हेडमध्ये जाड ऑइल उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ कॅमशाफ्ट कोरडा फिरतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच टाका. "लीक स्टॉप" म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांचंही असंच. त्यातली रसायनं रबर थोडं फुगवतात. सील नुसतं आकसलं असेल तर काही दिवस आराम पडतो. कडक होऊन तडकलेली रिंग पुन्हा जुळत नाही, आणि इंजिनातली चांगली सीलं मात्र विनाकारण फुगतात.

आता सिलिकॉन आणि एम-सील. पहिली गोष्ट, तेलकट धातूला ते धरत नाही. गळत्या जोडावर बाहेरून थापलेला थर आतून येणाऱ्या ऑइलामुळे काही दिवसांत सुटतो. दुसरी, कोणी शहाणपणा करून डिस्ट्रिब्युटर काढतो आणि ओ-रिंगच्या जागी सिलिकॉन भरून बसवतो. दाबल्यावर जेवढं सिलिकॉन बाहेर दिसतं तेवढंच आतही ढकललं जातं. त्याचे तुकडे ऑइलाबरोबर सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात. जाळी तुंबली की इंजिनाला ऑइल कमी पडतं. चहाच्या किमतीची रिंग वाचवायला अख्खं इंजिन पणाला लागतं. खिडक्या-बेसिनला लावायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर अजिबात नको. त्यातून सुटणारं आम्ल जवळच्या तांब्याच्या जोडण्या गंजवतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डिस्ट्रिब्युटर ही इंजिनाला कायमची चिकटवायची वस्तू नाही. त्याच्या बोल्टांची भोकं लांबट ठेवलेली असतात, कारण टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडावी ते) बांधताना बॉडी थोडी फिरवावी लागते. एम-सीलने ती जखडली की पुढच्या वेळी मिस्त्रीला छिन्नी-हातोडी घ्यावी लागते, आणि अॅल्युमिनियमचा कान तुटायला एक ठोका पुरतो.

चौथा मुद्दा वाचून मी खरंच घाबरलो. कॅपमध्ये पेट्रोल घालू नका. कॅपच्या आत रोटर (शाफ्टच्या टोकावरचा, करंट वाटणारा तुकडा) फिरताना प्रत्येक वेळी ठिणगी उडते, तो भाग त्यासाठीच आहे. कपड्याने पुसलं तरी कोपऱ्यात पेट्रोलची वाफ राहते, आणि चावी फिरवताच कॅप फुटून उडू शकते. बोनेट उघडं ठेवून वाकलेला माणूस समोर असतो. साफ करायचंच तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. तेही ज्वालाग्राहीच आहे, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा आणि कॅप पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवा. हेही लक्षात घ्या की नुसतं ऑइल करंट वाहून नेत नाही. ते कार्बनची भुकटी आणि दमट हवा धरून ठेवतं, मग कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ उमटते आणि करंट तिच्यावरून भलत्याच सिलिंडरला पळतो. पावसाळ्यात गाडी मिसिंग करते ती यामुळे. अशी रेघ पडलेली कॅप धुऊन सुधारत नाही, बदलावीच लागते. आणि सील तसंच ठेवून कॅप कितीही पुसली तरी ऑइल परत येणार.

मग "आत ऑइल म्हणजे नवीन डिस्ट्रिब्युटर" हे खरं का? कॅप काढा, रोटर बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. गोल दिशेने थोडी ढील असणारच, आडवा खेळ मात्र जाणवता कामा नये. खेळ नसेल तर फक्त सील गेलंय आणि ते बदलता येतं. खालच्या कपलिंगची पिन ठोकून काढायची, शाफ्ट ओढायचा, सील बदलायचं. पिन काढण्याआधी कपलिंग आणि शाफ्टवर एकच सरळ रेघ ओढून ठेवा. ते उलटं बसलं तर ठिणगी चुकीच्या वेळी पडेल आणि गाडी चालू होणार नाही. आडवा खेळ असेल तर बुश किंवा बेअरिंग झिजलंय, आणि डगमगणारा शाफ्ट नवं सीलही महिन्याभरात खाईल. तेव्हा आधी बेअरिंग बदला, बुश असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून नवा बनवून बसवा. शाफ्टच सीलखाली खोलवर कापला गेला असेल तर मग डिस्ट्रिब्युटर बदलायचा विचार करा.

ओ-रिंग मात्र कोणीही बदलू शकतं. जुनी रिंग काढल्यावर कापून बघा. मूळचा गोल काप चपटा, इंग्रजी डी अक्षरासारखा झालेला असतो आणि नखाने दाबली तर दबत नाही. नवीन घ्यायला मी नाना पेठेत गेलो आणि जुनी रिंग काउंटरवर ठेवली. दुकानदार काका म्हणाले, "साहेब, ही दबलेली आहे, हिचं माप खोटं. खाचेचं माप आणा." ते अगदी खरं. खाचेचा व्यास, रुंदी आणि खोली व्हर्नियरने मोजून न्या. बसल्यावर रिंगचा काप साधारण पंधरा ते तीस टक्के दबला पाहिजे. कमी दबली तर गळेल, जास्त दबली तर कापली जाईल. मिळाली तर व्हिटॉनची घ्या. साधी नायट्राइल रबरची रिंग १०० ते १२० अंशांच्या आसपास म्हातारी व्हायला लागते, व्हिटॉन २०० पर्यंत टिकते, आणि किमतीतला फरक सोसवण्यासारखा असतो.

बसवताना खाच कापडाने स्वच्छ करा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. रिंगला इंजिन ऑइल लावा आणि डिस्ट्रिब्युटर हाताने किंचित फिरवत आत ढकला. अडला तर बोल्ट आवळून ओढू नका, रिंग कडेवर कापली जाते. माझी पहिली रिंग अशीच गेली होती.

आता सहावा मुद्दा. खूण करा, हे बरोबर. बॉडी आणि हेड मिळून एक बारीक रेघ टोच्याने ओढा, खडूची पुसली जाते. प्लग वायरींना नंबर द्या. ज्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर तिरक्या दातांच्या गिअरवर चालतो, तिथे तो वर ओढताना रोटर फिरतो. म्हणून रोटर कुठे बघत होता आणि बाहेर आल्यावर कुठे वळला, या दोन्ही खुणा हव्यात. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना कोणालाही सेल्फ मारू देऊ नका.

पण "टायमिंग बघायची गरज नाही" हे चूक. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे तिथला एक अंश क्रँकवर दोन अंश होतो. बॉडीचा व्यास ७० मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे २२० मिलिमीटर. खूण एक मिलिमीटर चुकली तर डिस्ट्रिब्युटरवर सुमारे १.६ अंश आणि क्रँकवर ३.३ अंशांचा फरक पडतो. डोळ्याने एक मिलिमीटर सहज चुकतो. ठिणगी तेवढी लवकर पडली तर कात्रजच्या चढावर गाडी नॉकिंग मारते (इंजिनात ठोके ऐकू येतात), उशिरा पडली तर उचलत नाही, तापते, अॅव्हरेज पडतं. टायमिंग लाइट असलेल्या मिस्त्रीकडे दहा मिनिटांचं काम आहे, ते करून घ्या.

एक गोष्ट संदेशात नाहीच, आणि दुसऱ्यांदा गळती आली तेव्हा मला तीच शिकायला मिळाली. नवी रिंग घालून सहा महिन्यांत पुन्हा ओल दिसली. रिंग चांगली होती, माप बरोबर होतं. टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातला वायू बाहेर काढणारा) काढून हलवला, तो खुळखुळायला हवा, पण आवाजच नाही. काजळीने पूर्ण चिकटला होता. पिस्टनच्या बाजूने खाली सुटणारा वायू या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये ओढला जायला हवा. ती वाट बंद झाली की इंजिनात दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर सीलमधून बाहेर पडतं. व्हॉल्व्ह बदलला, ब्रीदरचा पाइप साफ केला, डिस्ट्रिब्युटरला हातही लावला नाही. तिथे पुन्हा पावडर मारली आणि खंबाटकी चढून वाईला जाऊन आलो. घरी येऊन टॉर्च मारला तेव्हा पावडर पांढरीच होती.