पळणारा क्वार्टरबॅक आणि शेवटची दोन मिनिटं: नुसता स्पाय लावून भागत नाही

एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, मॅच शेवटच्या दोन मिनिटांवर आली आणि समोर पळणारा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) असला, की टीव्हीसमोर एकच ओरड सुरू होते: "अरे, याच्यावर एक स्पाय ठेवा!" म्हणजे फक्त त्याच्यावर नजर ठेवणारा एक बचावपटू. मला हे अजिबात पटत नाही. स्पायचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. आधी रश करणाऱ्यांच्या, म्हणजे क्वार्टरबॅकवर चालून जाणाऱ्या बचावपटूंच्या, वाटा ठरवा, मग मागच्या खेळाडूंच्या नजरा कुठे असतील ते ठरवा, आणि त्यानंतरही एखादा माणूस हाताशी उरला तर खुशाल स्पाय ठेवा.

सुपर बोल ५७, म्हणजे लीगची अंतिम लढत, आठवा. १२ फेब्रुवारी २०२३, ग्लेनडेल, अ‍ॅरिझोना. ३५-३५ अशी बरोबरी, चौथ्या क्वार्टरची अखेर, आणि घोटा दुखावलेला चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स ईगल्सच्या गोल रेषेपासून ४३ यार्डांवरून पळत सुटला तो थेट १७ वर. २६ यार्ड! पुढे हॅरिसन बटकरने २७ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून किक, ३ गुण) मारला आणि चीफ्स ३८-३५ जिंकले. पुढच्या वर्षी लास वेगासला, फोर्टीनाइनर्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये, चौथ्या डाउनला (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) १ यार्ड हवा असताना महोम्सने स्वतः ८ यार्ड काढले आणि नंतर तिसऱ्या डाउनला १९. महोम्स म्हणजे काही लामार जॅक्सन नव्हे. वेगाच्या जोरावर सगळ्यांना मागे टाकणारा हा खेळाडू नाही. मोकळी जागा दिसली की तो जातो, आणि ती जागा बहुतेक वेळा बचावानेच करून दिलेली असते.

ती जागा होते कशी? शॉटगन मांडणीत क्वार्टरबॅक चेंडू घेतो सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) ५ यार्ड मागे. आणखी तीन पावलं मागे गेला की तो ७ ते ९ यार्डांवर उभा असतो. दोन्ही कडांचे रशर सॅकच्या (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडण्याच्या) हव्यासाने १० यार्डांपर्यंत वळसा घालून गेले, की ते त्याच्या पाठीमागे पोचतात आणि आक्रमणाच्या ओळीतल्या गार्ड-टॅकलच्या मधली फट सताड उघडी पडते. कबड्डीत कोपरारक्षक घाईने आत शिरला की चढाईपटू त्याच्याच मोकळ्या केलेल्या जागेतून निसटतो, अगदी तसंच. म्हणून कडेच्या रशरला एकच सक्त नियम हवा: क्वार्टरबॅक जितका मागे उभा आहे, त्याच्या पलीकडे एक पाऊलही जायचं नाही. बाहेरचा हात मोकळा ठेवायचा, टॅकलला सरळ छातीवर रेटत मागे न्यायचं, आणि आतल्या बाजूने गिरकी घेऊन घुसायचा मोह पूर्ण टाळायचा. ती गिरकी चुकली की बाहेरची कड अख्खी मोकळी, आणि शेवटच्या दोन मिनिटांत साइडलाइनच त्याला हवी असते.

आतल्या दोघा रशरनीही एकाच फटीत मुंडी घालून घुसू नये. गार्डला हातभर अंतरावर धरून मागे ढकला, दोन्ही बाजूंना सुटता येईल असं उभं राहा. स्टंट (दोन रशरनी वाटांची अदलाबदल) करायचा तर बाहेरची जबाबदारी कोणाकडे गेली हे आधी बोलून घ्या. बचावाचा टॅकल (आतला रशर) बाहेर गेला आणि एंड (कडेचा रशर) आत वळला, तर आता कड त्या टॅकलची. तो सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस, वेगवान क्वार्टरबॅकला बाहेर अडवणं त्याला जड जातं. म्हणून अशा वेळी मी तरी स्टंट कमीत कमी ठेवीन.

अशा संयमी रशची किंमत असते, ती लपवण्यात अर्थ नाही. क्वार्टरबॅकला एखादा सेकंद जास्त मिळतो. याच भीतीने कितीतरी प्रशिक्षक तीनच रशर पाठवून आठ जण मागे ठेवतात, आणि माझा खरा राग यावर आहे. तिघांनी चार वाटा बंद होतच नाहीत! लाइनबॅकर (मधल्या फळीचा बचावपटू) १५ यार्ड मागे, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) २५ यार्ड मागे, मधल्या मैदानात कोणी नाही. मग तो चालत चालत १२ यार्ड घेणार, नाहीतर खेळ लांबवत राहणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागोविरुद्ध वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स शेवटच्या खेळात १२ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू घेऊन फिरला, मग फेकलेला चेंडू एंड झोनच्या (गोल रेषेपलीकडच्या पट्ट्याच्या) तोंडाशी उडाला आणि मागे एकट्या उभ्या असलेल्या त्याच्याच संघातल्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. वॉशिंग्टन १८-१५. इतका वेळ दिला तर कुठलंच कव्हरेज (पास झेलणाऱ्यांवरची पाळत) टिकत नाही.

आता नजरा. तिसऱ्या डाउनला ८-९ यार्ड हवे असताना खाली पाच जण मॅनमध्ये (प्रत्येकाच्या वाट्याला एकेक खेळाडू) आणि वर दोन सेफ्टी, ही मांडणी पासविरुद्ध फार गोड वाटते. पण ते पाचही जण आपापल्या रिसीव्हरमागे (पास झेलणाऱ्यामागे) पाठमोरे पळत असतात. क्वार्टरबॅक निघाला हे त्यांना प्रेक्षकांच्या आरड्यावरूनच कळतं! झोनमध्ये (प्रत्येकाच्या वाट्याला मैदानाचा एकेक भाग), मग मांडणी कव्हर ३ असो की क्वार्टर्स, निदान चार-पाच जणांची तोंडं त्याच्याकडे असतात. मॅन खेळायचंच असेल, तर रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा क्वार्टरबॅकचा साथीदार) ज्याच्या वाट्याला आहे त्या लाइनबॅकरला सांगून ठेवा: बॅक ब्लॉकिंगला थांबला की तू पुढे सरक आणि क्वार्टरबॅकवर लक्ष ठेव. जास्तीचा माणूस न घालवता स्पाय मिळतो.

क्वार्टरबॅक पॉकेटबाहेर (आपल्या ओळीमागच्या सुरक्षित जागेबाहेर) पडला की "प्लास्टर": प्रत्येकाने जवळचा रिसीव्हर पकडायचा आणि चिकटून राहायचं. जवळचे रिसीव्हर खोल पळतील, खोलचे परत येतील, हे ठरलेलंच असतं. क्वार्टरबॅक स्क्रिमेजची रेषा (जिथून खेळ सुरू झाला ती) ओलांडेपर्यंत कोणीही रिसीव्हर सोडायचा नाही. घात इथेच होतो. कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरवरचा बचावपटू) दोन पावलं आधी पुढे धावतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो.

यानंतरही स्पाय हवाच असेल, तर तो संघातला सगळ्यात धिप्पाड लाइनबॅकर नको. पायात वेग असलेला सेफ्टी चालेल. रेषेपासून ४-५ यार्डांवर, क्वार्टरबॅकसमोर आरशासारखा सरकत राहायचं. तो खरंच निघाल्याशिवाय उडी नाही. लवकर झेपावलेला स्पाय ना रशमध्ये, ना कव्हरेजमध्ये.

आता घड्याळ आणि धावफलक. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या ५ मिनिटांत पळणारा मैदानाबाहेर गेला, की पुढच्या स्नॅपपर्यंत (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होईपर्यंत) घड्याळ थांबतं. तुम्ही ४ किंवा जास्त गुणांनी पुढे आहात आणि त्यांच्याकडे टाइमआउट नाही? मग त्याला आत वळवा. मधे ८ यार्ड मिळाले तरी चालतील, घड्याळ पळत राहतं. पण आघाडी ३ किंवा कमी असेल तर हिशेब पार बदलतो. किकचं अंतर म्हणजे यार्डलाइन अधिक १७-१८. ४० वरून ५८ यार्डांची किक, ३२ वरून ५० ची. त्या ८ यार्डांत मॅच जाऊ शकते, तिथे आतली वाटही बंदच हवी.

पकडतानाही एकाने बाहेरून, एकाने आतून यायचं, दोघांनी एकाच रेषेत नाही. १ डिसेंबर २००२ ला मिनियापोलिसमध्ये ओव्हरटाइमला अटलांटाचा क्वार्टरबॅक मायकल विक ४६ यार्ड पळाला, तेव्हा त्याला गाठायला दोन बाजूंनी आलेले व्हायकिंग्ज एकमेकांवरच आदळले. अटलांटा ३०-२४. नजर कमरेवर ठेवा, खोट्या फेकीला पाय जमिनीवरून उचलू नका, आणि तो स्वतःहून जमिनीवर घसरायला लागला की हात आवरा, नाहीतर दंडाचे १५ यार्ड फुकट.

आणि हे सगळं दमलेल्या पायांनी होत नाही. कडेचे रशर ६० स्नॅप खेळून आले असतील तर शेवटच्या ड्राइव्हला तेच वळसा घालून शॉर्टकट शोधतात. तिसऱ्या क्वार्टरमध्येच त्यांना आठ-दहा स्नॅप बाकावर बसवा, तेव्हा पर्यायी खेळाडूकडून एखादं फर्स्ट डाउन (समोरच्यांचे १० यार्ड पूर्ण) गेलं तरी जाऊ द्या.