तो माणूस नुसता बसून होता, त्याचे पैसे

परवा मैत्रिणीचा फोन आला. नवीन एसी घेतलाय, आणि बसवायचा आकडा ऐकून वैतागली होती. "अगं, दोन तासांचं काम. दोन तासांचे इतके?" मी समजावायला गेले आणि बोलत सुटले. शेवटी ती म्हणाली, लिहूनच काढ. तर हे लिहिलंय. लांबलंय, आधीच सांगते.

या विषयातलं माझं शिक्षण दोन चुकांवर झालेलं आहे. एक माझी स्वतःची. दुसरी मी पैसे वाचवायला बोलावलेल्या माणसाची.

आधी माझी. घरी फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं. नळाला पाइप जोडायचा, सांडपाण्याचा पाइप सोडायचा, प्लग लावायचा, याला माणूस कशाला हवा? मॅन्युअल कपाटावर टाकलं आणि मशीन लावलं. धुणं छान झालं. मग पिळायची वेळ आली आणि ते आख्खं धूड थयथयाट करत माझ्या दिशेने चालत यायला लागलं. खरंच चालत. बटण दाबायला जवळ जायची छाती होईना. मशीनच्या पाठीमागे वाहतुकीचे बोल्ट असतात, बहुधा तीन किंवा चार. आतला ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळता असतो. प्रवासात तो आपटू नये म्हणून हे बोल्ट त्याला जखडून ठेवतात. ते काढायचेच राहिले होते, त्यामुळे ड्रमचा सगळा हिसका थेट पत्र्याला. दिवसभर घरात काय काय ऐकून घेतलं ते सोडा.

पण ही चूक पहिल्याच धुण्याला बोंब मारून बाहेर आली. बोल्ट काढले, पाय खालीवर करून मशीन समतल केलं, विषय संपला.

एसीचं तसं झालं नाही. तिघांकडून आकडे घेतले होते. सगळ्यात कमी सांगणाऱ्याला बोलावलं, वर घासाघीसही केली. काम झटपट झालं, खोली गार झाली, मी खूश. पुढच्या वर्षी गारवा कमी वाटायला लागला. कुणीतरी येऊन गॅस भरून गेलं. पुन्हा तेच. त्यानंतर कॉम्प्रेसरच बंद पडला. उघडून बघणाऱ्या टेक्निशियनने पहिला प्रश्न विचारला, "बसवताना व्हॅक्यूम पंप लावला होता का?" कसला पंप? बसवणाऱ्याने एका टोकाकडून थोडा गॅस फुस्स करून सोडला होता आणि म्हणाला होता, "हवा निघाली." कॉम्प्रेसर त्यामुळेच गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तेव्हा मला एवढं विचारण्याइतकीही अक्कल नव्हती.

नवीन एसीच्या वेळी दुसरे एक जण आले. आकडा चांगलाच जास्त. त्यांनी तांब्याच्या नळ्या जोडल्या, पंप लावला, दाब मोजणारं गेज लावलं आणि बसून राहिले. मी दोनदा डोकावून गेले. बसून राहायचे पैसे देतोय की काय, असं मनात आलंच. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. नळीत हवा राहते, हवेत ओलावा असतो. तो एसीच्या तेलात मिसळला की हळूहळू आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खातं. नुसत्या फुस्स केल्याने नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला ओलावा जात नाही. पंपाने दाब इतका उतरवायचा की पाणी खोलीच्याच तापमानाला उकळून वाफ होऊन बाहेर पडेल. ते ५०० मायक्रॉनच्या खाली नेतात (मायक्रॉन हे इथे दाबाचं माप), म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. मग पंप बंद करून गेजवरच्या आकड्याकडे बघत थांबायचं. आकडा भराभर चढला तर कुठेतरी गळतंय किंवा आत ओल आहे.

म्हणजे बसून राहणं हेच काम होतं. आणि स्वस्तातल्या माणसाला नेमकं तेच परवडत नाही. आकडा कमी केला की त्याला वेळ कुठूनतरी कापावा लागतो. ब्रॅकेट तिरकं लावलं तर तुम्हाला दिसणार. पंप लावला नाही तर कुणाला दिसणार? कात्री तिथेच चालते.

तेव्हापासून माझं एकच मोजमाप आहे: चूक झाली तर ती मला लगेच दिसेल का? दिसणार असेल तर मी स्वतः करते किंवा स्वस्तातला माणूस बघते. वॉशिंग मशीनचा पाइप सैल राहिला तर पाणी जमिनीवर येईल. फ्रीज लावायला तर मी कुणालाच बोलावत नाही. आडवा आणला असेल तर तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरायला काही तास उभा ठेवते आणि मग चालू करते.

गीझर मात्र नाही. गीझर साधा दिसतो, दोन नळ्या आणि एक वायर, पण त्यात लपणाऱ्या चुका भरपूर. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. तो हलक्या सॉकेटवर लावला तरी पाणी तापतंच, पण सॉकेटही तापत राहतं. अर्थिंग नसलं तरी पाणी तापतं. अर्थिंगशिवाय सगळं उत्तम चालतं, फक्त ज्या दिवशी आत वायर किंवा एलिमेंट बिघडतं त्या दिवशी टाकीत करंट उतरतो आणि तुम्ही ओल्या अंगाने नळाला हात लावलेला असतो. त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतला जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं तर साधारण ४०० मिलिलिटरने वाढतं. त्याला मागे जायला वाट नसेल, तर व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. आपण म्हणतो, "अहो, गळतंय, बघा जरा." चांगला माणूस सांगतो, गळू द्या. आपल्याला खूश करणारा बूच मारून जातो!

आता "फ्री इन्स्टॉलेशन" या प्रकाराबद्दल. फुकट असतं ते ठरावीक तेवढंच. जास्तीची नळी, जास्तीची वायर, बाहेरच्या युनिटचं स्टँड, भिंतीतलं मोठं भोक, जुनं यंत्र उतरवणं, हे सगळं बाहेरचं. माणूस शिडीवर चढल्यावर हे कळतं, आणि शिडीवरच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही. म्हणून मी आता फोनवरच जागेचे फोटो पाठवून विचारते की यात काय धरलंय आणि काय नाही, आणि उत्तर मेसेजवर मागते. कंपनीच्या माणसानेच बसवायची अट वॉरंटीत आहे का, हेही आधी बघते. ती असेल तर बाहेरच्या स्वस्त माणसाचा हिशेब तिथेच कोसळतो.

आणखी एक, जरा टोचेल. यंत्रावर छापलेला आकडा आपण मुकाट भरतो. आपली सगळी व्यवहारबुद्धी जागी होते ती ते खांद्यावरून जिना चढवून आणणाऱ्या, चौथ्या मजल्याच्या बाहेर लटकून नट आवळणाऱ्या माणसासमोर. मीही तशीच होते. त्याच्या आकड्यात येण्याजाण्याचा वेळ असतो, पंपाची किंमत असते, बरोबरच्या पोराची मजुरी असते आणि काही झालं तर परत यायची तयारी असते. हे शेवटचं सगळ्यात महाग, आणि नसलं तरी बिलावर कळत नाही.

पण महाग म्हणजे चांगला असंही नाही. महागातलेही पंप न लावता गेलेले लोक ऐकलेत. मी प्रश्नांवरून ओळखते. सध्या आमच्याकडे डिशवॉशर खोक्यात पडून आहे. दोघांना फोन केला. पहिल्याने आकडा सांगितला आणि विचारलं, "कधी येऊ?" दुसऱ्याने विचारलं, सॉकेट किती अँपिअरचं आहे, अर्थिंग तपासलंय का, सांडपाण्याचा पाइप कुठे सोडणार, तो वर उचलून आणायला जागा आहे का, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येईल. मग आकडा सांगितला. जास्त होता. मी घासाघीस केली नाही, खरं तर थोडी केली, पण लाजत.

रविवारी येतोय. वॉशिंग मशीनचे ते बोल्ट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पिशवीत आहेत. घर बदललं तर परत लावावे लागतात म्हणून टाकलेले नाहीत. तुम्ही तुमचे टाकले का?