ओटीपी कुणालाही सांगू नये (2 गुण)

माहिती शोधणे, सांभाळणे आणि पोचवणे, माहिती तंत्रज्ञानाच्या पेपराचा एवढाच अभ्यासक्रम. त्यामुळे आमच्या मराठवाड्यात या पेपराला कुणी अभ्यासाचा विषय मानतच नाही. "मोबाइल तर दिवसभर हातात असतो, आता आणखी काय वाचायलास?" घरात उजळणी होत नाही ती याच्यामुळंच. पुस्तकातल्या प्रत्येक उत्तराच्या बरोबर उलट वागणारं एक तरी माणूस समोर बसलेलं असतं.

शोधण्याचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. 'गंगापूर पाऊस' असं टाकलं की आपला तालुका कोरडा राहतो आणि नाशिकचं धरण भरतं. म्हणून पुढं वजा नाशिक लिहायचं. वजाचं चिन्ह शब्दाला चिकटूनच हवं. मध्ये जागा सुटली की धरण हाजीर. नेमकी ओळ हवी असेल तर ती दुहेरी अवतरणात टाकायची. जुने जीआर शोधताना नुसत्या 'धाराशिव'वर भागत नाही, कारण 2023 च्या आधीच्या कागदांत उस्मानाबाद आहे. दोन्ही नावं लिहून मध्ये इंग्रजी ओआर, तेही कॅपिटलमध्ये. एवढं पाठ होईस्तोवर आबा विचारतात, "शोधायचं कामून? ग्रुपवर आलंय की सगळं."

खरी दमछाक सुरक्षेत. गोपनीयता, अखंडता (माहितीत फेरफार न होणं), उपलब्धता ही तिन्ही तत्त्वं उदाहरणासह लिहा, असा प्रश्न हमखास येतो. तिसऱ्याचं उदाहरण महावितरण पुरवतं: माहिती आहे, पासवर्ड आहे, लाइट नाही. पहिल्याचं उदाहरण आत्या देते. बँकेचा ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ती तो अंगणात उभं राहून काकांना ओरडून सांगते.

मग लग्नसराई. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो म्हणून आली तर ठीक. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. टाकून घेतलं आणि मागितलेल्या परवानग्या दिल्या की फोनवर येणारे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, तिसऱ्याच माणसाच्या हाती. 'अक्षता कुठं टाकायच्या ते बघू तरी' म्हणत मंडळी दाबतातच. काही ब्राउझरांत वेबसाइटच्या पत्त्यापुढं दिसणाऱ्या कुलपाचंही तेच. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच. पलीकडं बसलेला भामटा असला तरी कुलूप लागतंच. पत्ता https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून डावीकडं वाचायचा. बँकेचं नाव सुरुवातीला कुणीही चिकटवतं. पैसे गेलेच तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग शेजारीपाजारी. आपल्याकडं क्रम उलटा.

गाइडांबद्दल तर बोलूच नये. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. त्यातलं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयानं 2015 साली रद्द केलं, तरी जुन्या गाइडांत ते तारांकित, 'अतिमहत्त्वाचे'. पाठ करायची ती 66क (दुसऱ्याची ओळख वापरणे) आणि 66ड (सोंग घेऊन फसवणूक). दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा.

पोचवण्याच्या प्रकरणात ईमेलमधलं सीसी आणि बीसीसी. सीसीतले सगळ्यांना दिसतात, बीसीसीतले कुणाला दिसत नाहीत. जीमेलवर जोडपत्राची मर्यादा 25 एमबी. कृतिदेवात टाइप केलेला अर्ज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की साहेबाला नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून युनिकोड वापरा किंवा पीडीएफ करून पाठवा.

एवढी तयारी होते आणि हॉल तिकीट येतं. फोटो, सही, जन्मतारीख, सगळं एका पानावर. आई ते 'लेकराला आशीर्वाद द्या' म्हणून ग्रुपवर टाकते, आणि काका तिथून तालुक्याच्या ग्रुपवर.