आर्टरियल लाइनचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे

ऑपरेशनच्या वेळच्या बीपीबद्दल एक दावा सध्या बराच फिरतो आहे. आर्टरियल लाइन म्हणजे धमनीत बारीक नळी घालून बीपी सतत मोजण्याची सोय; कफ म्हणजे दंडावर बांधून फुगवायचा पट्टा. दावा असा: "दंडावरचा कफ अंदाज सांगतो, आर्टरियल लाइन खरं बीपी सांगते. दोघांत फरक पडला तर कफ चुकला समजा. लाइन असली की कफ काढून टाका आणि मोठं ऑपरेशन असेल तर प्रत्येकाला लाइन घालाच." यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

"कफ फक्त अंदाज सांगतो." हे अर्धंच खरं. ऑटोमॅटिक कफ हवा सोडत जातो तेव्हा धमनीच्या ठोक्यांनी कफमध्ये उमटणारी कंपनं टिपतो. कंपनं सर्वांत मोठी होतात, तो दाब साधारणपणे मीन, म्हणजे सरासरी दाब. वरचा (सिस्टोलिक) आणि खालचा (डायस्टोलिक) आकडा मशीन त्यावरून गणिताने काढतं, आणि प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. म्हणून कफचा मीन त्यातल्या त्यात भरवशाचा. बाकी चुका बहुतेक आपल्याच असतात. कफमधल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे 40 टक्के आणि लांबी 80 टक्के हवी. 35 सेंमी घेराच्या दंडाला 14 बाय 28 सेंमी. लहान कफ बांधला की बीपी खोटं वाढतं. रुग्ण थरथरतोय, ठोके अनियमित आहेत किंवा सर्जनचा सहायक दंडावर रेललाय, अशा वेळी आकडा येतच नाही किंवा भलताच येतो. एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी: बीपी फार घसरलेलं असताना कफ ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे झुकतो, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी.

"लाइन थेट धमनीतून मोजते, म्हणून चूक नाही." इथे खरा घोळ आहे. धमनीतला दाब मॉनिटरपर्यंत पोचतो तो कॅन्युला (धमनीतली बारीक नळी), तिला जोडलेली नळी, त्यातला पाण्याचा स्तंभ आणि ट्रान्सड्यूसर (दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) यांतून. यातला एक दुवा बिघडला की पडद्यावर सुबक लाट दिसते आणि आकडा खोटा असतो.

सगळ्यात जास्त फसवते ती उंची. ट्रान्सड्यूसरचा स्टॉपकॉक (छोटी तोटी) हवेला उघडून झीरो केलं, म्हणजे हवेचा दाब शून्य धरायला लावला, की काम संपत नाही. तोच स्टॉपकॉक हृदयाच्या पातळीवर, म्हणजे चौथ्या बरगडीखालच्या जागेत काखेच्या मध्यरेषेवर असावा लागतो. दर 10 सेंमीला सुमारे 7.5 मिमी पाऱ्याची चूक होते. ट्रान्सड्यूसर स्टँडवर आहे आणि सर्जनने टेबल 20 सेंमी वर घ्यायला सांगितलं, तर 55 चा मीन 70 दिसू लागतो. अलार्म गप्प राहतो. रुग्णाला बसवून ऑपरेशन असेल तर मेंदूला मिळणारा दाब कळण्यासाठी ट्रान्सड्यूसर कानाच्या छिद्राच्या पातळीवर लावतात. कफ वापरत असाल तर दंड आणि कान यांच्या उंचीतला फरक मनाशी वजा करावा लागतो.

दुसरी गोष्ट लाटेचा आकार. फ्लश, म्हणजे नळीतून सलाइनचा जोराचा झोत, सोडून झटकन थांबवा. त्यानंतर एक-दोन हेलकावे येऊन लाट पूर्ववत झाली तर ठीक. हेलकावे थांबतच नाहीत, तर सिस्टोलिक खोटं जास्त आणि डायस्टोलिक खोटं कमी दिसतंय. कारण बहुधा लांबलचक किंवा जोडलेली नळी. हेलकावाच नाही, लाट बोथट आहे, तर उलट: हवेचा बुडबुडा, गुठळी, मनगटाशी मुडपलेली कॅन्युला किंवा प्रेशर बॅग (फ्लशच्या सलाइनवर दाब देणारी पिशवी) 300 मिमी पाऱ्याच्या खाली उतरलेली. या दोन्ही बिघाडांत मीन बराचसा शाबूत राहतो. म्हणून औषधाचा डोस सिस्टोलिकवर नव्हे, मीनवर ठरवा.

"फरक पडला तर कफ चुकीचा." आधी मीनची मीनशी तुलना करा. मनगटातल्या धमनीत सिस्टोलिक मुळातच महाधमनीपेक्षा जास्त येतं; 10-15 चा फरक दिसला म्हणून कोणीच चुकलेलं नसतं. उलट हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरून उतरल्यावर किंवा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाचा डोस चढलेला असताना मनगटातला दाब महाधमनीपेक्षा बराच कमी येऊ शकतो. तिथे लाइनवर विसंबून डोस वाढवत गेलात तर रुग्णाचं नुकसान होतं. मांडीतल्या धमनीत लाइन घालून खात्री करावी. दोन हातांतच फरक असेल तर तो एका बाजूच्या धमनीच्या अरुंदपणाचा असू शकतो, म्हणून भूल देण्याआधीच दोन्ही हातांचं बीपी पाहून ठेवावं. शंका आलीच तर लाइनच्याच हातावर कफ फुगवा. लाट सपाट होईल. हवा सोडताना ती पहिल्यांदा परत दिसेल तो कफचा दाब म्हणजे सिस्टोलिक.

"लाइन असली की कफ काढा." नको. दुसऱ्या दंडावर राहू द्या. लाइन ऐनवेळी बंद पडते.

"प्रत्येकाला लाइन घालाच." बीपी झपाट्याने हेलकावणार असेल, मोठा रक्तस्राव अपेक्षित असेल, रक्तदाब वाढवणारं औषध सतत चालू असेल किंवा वारंवार रक्तवायू (रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड) तपासायचे असतील, तर जरूर. कफ 5 मिनिटांवर लावलेला असताना दोन आकड्यांच्या मध्ये बीपी कोसळून सावरूही शकतं, ते फक्त लाइनलाच दिसतं. बाकीच्यांना नीट मापाचा कफ आणि भूल चढवताना मिनिटा-मिनिटाचं मोजमाप पुरतं. ते तासन् तास चालू ठेवलं तर मात्र दंडावर रक्ताचे ठिपके उठतात, नसही दबते.

आणि लाइन निरुपद्रवी नाही. हाताचा रक्तपुरवठा कायमचा बिघडणं विरळा, पण शिरेची लाइन समजून तिच्यातून औषध दिलं गेलं तर बोटं जाऊ शकतात; म्हणून लाइनवर लाल खूण हवीच. फ्लशला सलाइनऐवजी चुकून डेक्स्ट्रोज लागलं, तर लाइनमधून काढलेल्या रक्तात साखर भरमसाट दिसते, इन्सुलिन दिलं जातं आणि रुग्णाची खरी साखर तळाला जाते. बाटली प्रेशर बॅगेत घालण्याआधी तिच्यावरचं नाव दोघांनी वाचावं; नंतर ते बॅगेच्या कापडाआड जातं.